पेनड्राइव्हचा फेरा: अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार

सकाळी जॉबर (मागांची देखभाल करणारे) मामांचा फोन. "मशीन डिझाइन घेईना झालंय ओ. कंट्रोलरवाला येऊन गेला, तो म्हणतो मशीन ठीक आहे, तुमचा पेनड्राइव्हच रिकामा आहे. ऑफिसात लावला की सगळं दिसतंय. आता आम्ही कुणाचं खरं मानायचं?"

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. किनारीत पार्टीचं नाव विणून द्यायचं काम जास्त, म्हणजे हॉटेलं, लॉज, दवाखाने. माग इलेक्ट्रॉनिक जकार्डचे. डिझाइन संगणकावर तयार होतं, पेनड्राइव्हवर उतरतं, जॉबर तो मागाच्या कंट्रोलरला लावतो, छोट्या पडद्यावरच्या यादीतून फाइल निवडतो आणि माग सुरू. यादी रिकामी आली की माग उभा.

मामांना म्हटलं, ऑफिसात नेहमी उघडता तसा उघडून दाखवा. ड्राइव्हमध्ये एकच वस्तू दिसली: ड्राइव्हचंच चित्र असलेला शॉर्टकट, डाव्या कोपऱ्यात बारका वाकडा बाण. मामांनी डबल क्लिक केलं, एक काळी खिडकी लुकलुकून गेली आणि सगळी डिझाइनं समोर. "बघा, हायती की सगळी."

शॉर्टकट व्हायरस. खऱ्या फाइली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ढकलायच्या आणि बाहेर शॉर्टकट ठेवायचा. क्लिक केलं की आधी तो स्वतः चालतो, मग इमानदारीत तुमचं फोल्डर उघडून देतो. तक्रारीला जागाच ठेवत नाही. मागाच्या कंट्रोलरवर विंडोज नाही. त्याला शॉर्टकट कळत नाही आणि लपवलेल्या फोल्डरात तो शिरत नाही. त्यामुळे कंट्रोलरवाला आणि मामा दोघंही खरं बोलत होते.

पेनड्राइव्ह लावताच व्हायरस आपोआप चालायचा तो ऑटोरनचा काळ. २००८ चा कॉन्फिकर त्या वाटेनंही पसरला. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरतं ऑटोरन बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तोच अपडेट दिला. तेव्हापासून या जातीला माणसाच्या बोटाची गरज पडते, म्हणून हा शॉर्टकट. आणि ऑफिसात ते बोट दिवसभर हजर असतं.

संगणक दोन. हिशेबाचा: विंडोज १०, सहाव्या पिढीचा आय-थ्री, टॅली, जीएसटी, ई-वे बिलं, बँक, सगळं त्यावरच. डिझाइनचा: विंडोज ७, जकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर, मागे जुनं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली). दोघांमध्ये एक शेअर केलेलं फोल्डर.

हिशेबाच्या संगणकाचा पंखा गिरणीसारखा ओरडत होता. टास्क मॅनेजर उघडला. दोन-तीन सेकंदांत पंखा उतरला, सीपीयू चार-पाच टक्क्यांवर. बंद केला, थोड्या वेळात पंखा परत वर. पुन्हा उघडला, पुन्हा शांत. अकाउंटंट मॅडम शेजारून म्हणाल्या, "सर, मला माहितीये ते. ती विंडो उघडी ठेवली की टॅली पळते. मी सकाळी आल्या आल्या तीच उघडते आणि खाली मिनिमाइज करून ठेवते."

बाईंनी रोगाचं औषध स्वतःच शोधून ठेवलं होतं. आपल्याला कुणी बघतंय असं वाटलं की हात आखडता घेणारे हे प्रोग्राम म्हणजे मायनर. दुसऱ्याच्या संगणकावर क्रिप्टोचं गणित सोडवायचं आणि नाणी आपल्या खात्यात घ्यायची. बहुतेक वेळा मोनेरो नावाचं नाणं, कारण नोव्हेंबर २०१९ पासून त्याची पद्धत मुद्दाम साध्या सीपीयूला सोयीची केलेली आहे, महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही. टॉवेलाची बिलं करणारा आय-थ्रीसुद्धा त्यांच्या कामाचा.

आजपुरतं: दोन्हीकडची लॅनची वायर काढली, शेअर बंद, वायफायचा पासवर्ड बदलला. बँकेचं काम या संगणकावरून करायचं नाही, असं अण्णांना (मालक) समोर बसवून सांगितलं. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "फॉरमॅट मारावं लागतंय काय?" आणि लगेच पुढचं वाक्य, "डिझाइनच्या मशीनला हात लावू नका बरं का, त्याची सीडी हरवली."

६ जानेवारी, मंगळवार

पेनड्राइव्ह माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आणला. लिनक्सवर उघडला, कारण तिथं विंडोजच्या स्क्रिप्ट चालत नाहीत आणि लपवलेलं काही लपून राहत नाही.

आत तीन गोष्टी. शॉर्टकट. एक फोल्डर, ज्याचं नाव वाचणाऱ्याला सिस्टिमचंच वाटावं असं. आणि एक फोल्डर बिननावाचं. बिननावाचं म्हणजे नावाच्या जागी एकच अक्षर, आणि तेही न दिसणारं, न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचं. मामांची सगळी डिझाइनं त्यात, एकही फाइल बिघडलेली नाही.

सिस्टिमसारख्या नावाच्या फोल्डरात एक व्हीबीएस (विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट), एक बॅच फाइल (कमांडींची यादी) आणि एक डॅट. तिघांचं नाव तेच, एक्स आणि पुढे सहा आकडे. पहिल्या दोन टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचल्या. वाचण्यात धोका नाही, चालवण्यात आहे. व्हीबीएस काही ओळींची, तिचं काम बॅच फाइलला गुपचूप हाक मारणं. बॅच फाइल मात्र नीट बघण्यासारखी आहे. ती सी ड्राइव्हवर "विंडोज" नावाचं आणखी एक फोल्डर बनवते, नावाच्या शेवटी एक स्पेस टाकून. त्यात "सिस्टम३२". त्यात विंडोजचाच, खरा, सहीचा प्रिंटरचा एक छोटा प्रोग्राम कॉपी करते आणि शेजारी ती डॅट फाइल नाव बदलून ठेवते, जी खरं तर डीएलएल आहे, म्हणजे प्रोग्राम चालताना मदतीला उचलतो ती फाइल.

यातली गोम अशी. विंडोज आपल्या सिस्टम३२ मधल्या काही निवडक प्रोग्रामना "परवानगी देऊ का?" ही खिडकी न दाखवताच ॲडमिनचे अधिकार देतं. प्रोग्राम खऱ्या जागेचा आहे की नाही हे तपासताना नावाच्या शेवटची स्पेस गळते आणि खोटं फोल्डर खरं ठरतं. प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही आहे, ती तपासणीही पास. तो उठला की शेजारची डीएलएल आपलीच समजून उचलतो, आणि ती चोराची. मॅडमना एकदाही "यस" दाबावं लागलेलं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना "तुम्हीच कुठं तरी क्लिक केलं असणार" असं ऐकवून गेलं होतं म्हणे. क्लिक तर मामांनीही माझ्यासमोर केलं. डिझाइन बघायला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

डिझाइनं नव्या पेनड्राइव्हवर काढली. कंट्रोलरला फॅट३२ लागतं, त्याप्रमाणे फॉरमॅट करून मामांकडे पाठवला. दुपारी फोन: माग चालू. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं.

७ जानेवारी, बुधवार

हिशेबाचा संगणक. आधी डेटा, बाकी सगळं नंतर. शिफ्ट दाबून पूर्ण शटडाउन, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू, टॅलीचं डेटा फोल्डर, बिलांच्या पीडीएफ आणि पार्ट्यांच्या ऑर्डरींचे फोटो बाहेर काढले. एक्सई, स्क्रिप्ट, शॉर्टकट काही घेतलं नाही. डेस्कटॉपवरचं "इम्पॉर्टंट सॉफ्टवेअर" फोल्डर राहिलं म्हणून मॅडम जरा नाराज.

लिनक्समधून सी ड्राइव्हवर खरंच दोन विंडोज फोल्डर दिसतात, एकाखाली एक, हुबेहूब. मॅडमना दाखवलं. हे खोटं फोल्डर विंडोजमधून कमांड देऊन काढायची एक पद्धत आहे, पण त्या कमांडीत शेवटची स्पेस टाइप करायची राहिली तर खऱ्या विंडोजवर घाव बसतो. गिऱ्हाइकाच्या मशीनवर असले खेळ मी करत नाही.

मग नेट न जोडता विंडोजमध्ये गेलो, नुकसान किती खोल आहे बघायला. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे फुकटचं टूल (नाव तसलंच असलं तरी वरच्या ऑटोरनशी संबंध नाही) संगणक सुरू होताना काय काय उठतं याची अख्खी यादी देतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे. यादी लहान व्हावी म्हणून सगळे ती वापरतात. आज ती बंद ठेवून बघितलं. सर्व्हिसेसमध्ये एक्स आणि सहा आकडे असं नाव, चालवणारा विंडोजचाच एसव्हीसीहोस्ट, पोटात अनोळखी डीएलएल. शिवाय टास्क शेड्युलरमध्ये एक काम, दर लॉगिनला उठणारं.

आणि डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस? चालू. हिरवी खूण. "नो ॲक्शन नीडेड." फक्त अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे पहारेकरी जागेवर उभा, पण घराकडे बघायचं नाही असा हुकूम. डिफेंडर हिरवा दिसला म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी ही अपवादांची यादी एकदा उघडून बघावी. सेटिंगमध्ये व्हायरस सुरक्षेच्या पानावर तळाशी असते. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी असायला हवी.

निर्णय: हा संगणक साफ करून चालवायचा नाही, कोरा करायचा. सर्व्हिस काढता येते, टास्क काढता येतं, अपवाद पुसता येतो, एका दुपारचं काम. पण ज्यानं ॲडमिनचे अधिकार घेऊन पहारा उठवला, त्यानं मागल्या दारानं आणखी कुणाला आत घेतलं नाही, याची खात्री त्याच मशीनवर बसून कोण देणार? घरातल्या पोरांच्या गेमच्या संगणकाला मी साफसफाईवर सोडलं असतं. इथून बँकेत पैसे जातात.

अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एवढं सगळं करून त्यानं माझं नेलं काय?" म्हटलं, दिसतंय ते एवढंच: वीज आणि मशीनचा वेळ. "लाईट बिलात कळलं नाही ते." मागांच्या बिलात कुठून कळणार.

मॅडमची काळजी वेगळी: डिसेंबरचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), शेवटची तारीख अकरा, त्यात रविवार. टॅलीचा डेटा तपासून सीए साहेबांच्या ऑफिसला ईमेलनं पाठवला, तिथून भरतील. मॅडम सवयीनं पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकत होत्या. तो काढून घेतला आणि विचारलं, सीएंकडे दर महिन्याला हाच जातो का? हाच, नाहीतर ड्रॉवरमधला जो हाताला लागेल तो.

ड्रॉवर उघडायला लावला. त्यावर पुढे सविस्तर.

८ जानेवारी, गुरुवार

हिशेबाचा संगणक कोरा केला. विंडोजचा इन्स्टॉलर दुकानातल्या स्वच्छ मशीनवर, मायक्रोसॉफ्टकडूनच उतरवून. जुनी सगळी पार्टिशनं पुसली, डी ड्राइव्हसकट. "डी मध्ये काय नसतं ओ, तो राहू द्या" हे प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं, आणि दुसऱ्या आठवड्यात व्हायरस त्याच डी मधून परत येतो.

विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी त्याचं पहिलं वर्ष येत्या ऑक्टोबरात संपतं. अण्णांना लेखी दिलं: तोवर नवीन मशीन. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, म्हणजे ऑक्टोबरात बघू.

मॅडमचं खातं साधं ठेवलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, बंद पाकिटात अण्णांकडे. नवीन काही बसवायचं तर अण्णांना विचारा. मॅडमना हे आवडलं नाही, अण्णांना फार आवडलं.

पासवर्ड अण्णांच्या फोनवरून बदलले, कोऱ्या झालेल्या मशीनवरून नव्हे; कालपर्यंत इथं काय होतं ते आत्ताच बघितलंय. क्रम असा: आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे "पासवर्ड विसरलात?" तिथंच येतात. मग बँक, जीएसटी, ई-वे बिल. ईमेलमध्ये "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हेही दाबलं. ब्राउझरमधली लॉगिनची खूण चोरली गेली असेल तर कधी कधी नुसत्या पासवर्ड बदलानं ती मरत नाही. क्रोममध्ये बँकेचा पासवर्ड साठवलेला होता. बँकेचं स्टेटमेंट मागच्या तीन महिन्यांचं अण्णांनी ओळीनं वाचलं, अनोळखी व्यवहार नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पैसे गेले तर पहिला फोन तिथं, बँकेचा मॅनेजर जेवून येईपर्यंत थांबायचं नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असे प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे असतात. सहा तास केव्हाच उलटले होते. तरी अण्णांच्या नावानं ईमेल केला, काय सापडलं त्याच्या तपशिलासह. एवढ्याशा कारखान्यानं कशाला कळवायचं, असं अण्णा म्हणाले. अशा एवढ्याशा कारखान्यांचीच साखळी असते.

९ जानेवारी, शुक्रवार

डिझाइनचा संगणक. विंडोज ७, ज्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. सॉफ्टवेअर डोंगलला बांधलेलं, सीडी नाही, विकणारा आता फोन उचलत नाही. कोरा केला तर डिझाइनचं काम बंद, आणि नवीन सॉफ्टवेअर म्हणजे लाखांत खर्च. त्यामुळे इथं साफसफाईच. तत्त्व दोन संगणकांना दोन प्रकारे लावतोय, हे मला कळतं. पण या मशीनवर पैसा नाही, पासवर्ड नाही, आणि आजपासून नेटही नाही.

सर्वात आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) क्लोनझिला या टूलनं काढून घेतली. साफसफाईत काही फसलं तरी सॉफ्टवेअर जिवंत परत आणता यावं म्हणून. ही डिस्क मेली असती तर आजवर काय केलं असतं, असं अण्णांना विचारलं. अण्णांनी चहा सांगितला.

इथं नवा पाहुणा नव्हता, जुना होता. स्टार्टअपमध्ये एक व्हीबीएस, रजिस्ट्रीच्या रन कीमध्ये त्याचीच दुसरी नोंद, आणि फाइलीच्या तारखा कित्येक वर्षांपूर्वीच्या. त्याला हुकूम देणारा सर्व्हर बहुधा केव्हाच बंद पडला असेल, तरी इकडे हा बिचारा येईल त्या पेनड्राइव्हवर आपली कॉपी टाकत बसलेला. दोन्ही नोंदी काढल्या, चालू असलेली स्क्रिप्ट मारली, ॲट्रिब कमांडनं डिझाइन फोल्डरांचे "हिडन" आणि "सिस्टिम" हे शिक्के उतरवले. कमांड चालताच पडद्यावर अशी फोल्डरं वर आली की डिझाइनरचं काम बघणारा पोरगा खुर्चीवरून उठला. "हे हॉटेलचं डिझाइन आम्ही दुसऱ्यांदा काढलंय सर! हरवलं म्हणून!" त्याच मशीनवर होतं, शिक्का मारून.

विंडोज स्क्रिप्ट होस्ट रजिस्ट्रीतून बंद केला. आता व्हीबीएसवर कुणी कितीही क्लिक केलं तरी ती चालणार नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला त्याची गरज नाही ना, हे डिझाइन उघडून, सेव्ह करून, मागाच्या फॉरमॅटमध्ये काढून तपासलं. चाललं. लॅनचं कार्डच डिसेबल.

डोंगलला व्हायरस लागतो काय, असं पोरानं विचारलं. नाही. त्यावर फाइली ठेवायला जागाच नसते. मॅडमच्या डिजिटल सहीचं टोकन तेवढं सीडी ड्राइव्हसारखं दिसतं, पण तेही फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. प्रश्न चांगला होता.

१० जानेवारी, शनिवार

दोन्ही मशीन ठीक. इथं बिल करून निघता आलं असतं, आणि बहुतेक जण निघतात. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या वर्षीही "व्हायरस काढून" झाला होता.

आता ड्रॉवर. दोऱ्याच्या रिकाम्या कोनांखाली मूठभर पेनड्राइव्ह: बँकेनं वाटलेला, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंचा, मंडळाच्या डीजेच्या गाण्यांचा, टोपण नसलेले दोन, आणि एकावर लाल नेलपॉलिशनं "जीएसटी". लिनक्सवर एकेक उघडला. जवळजवळ सगळ्यांवर शॉर्टकट. लग्नाच्या फोटोंवर जुना आणि नवा दोन्ही, एकाच वेळी सुखानं नांदत.

मामांना विचारलं, ऑफिसच्या बाहेर हा पेनड्राइव्ह कुठं कुठं जातो? मामा म्हणाले, कुठंच नाही. मग चहा आला, आणि बोलता बोलता निघालं. शहराच्या पूर्व भागात एक जण बाहेरून अवघड डिझाइनं काढून देतो, त्याच्याकडे. पार्टीला रंगीत नमुना दाखवायचा तर प्रिंट काढायला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे. महिन्याला सीएंकडे. अण्णांच्या घरी, लॅपटॉपवर, रविवारी. आणि एकदा मामांच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म होता, तेव्हा सेतू केंद्रात. "ते एकदाच हां."

तपासायची पद्धत साधी. कोरा पेनड्राइव्ह, आत दोन-चार फालतू फाइली. प्रत्येक ठिकाणी लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, काढायचा, माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर बघायचा, परत कोरा करून पुढचं ठिकाण. जिथं शॉर्टकट उगवला तिथं व्हायरस जिवंत. अँटीव्हायरस काय म्हणतो त्यापेक्षा याच्यावर माझा भरवसा जास्त.

डिझाइनवाले काका दारातच म्हणाले, "माझ्याकडं काय नाही बघा, मी अँटीव्हायरस दरवर्षी भरतो." खरंच काही नव्हतं. तेलुगूत मामांना काहीतरी ऐकवलं, मामा हसले, मला सांगितलं नाही. सीएंचं ऑफिस स्वच्छ, तिथं पेनड्राइव्हचे पोर्टच बंद केलेत. मॅडमचा पेनड्राइव्ह रिसेप्शनच्या एका वेगळ्या मशीनवर उघडतात. अण्णांचा लॅपटॉप स्वच्छ, कारण तो फक्त युट्यूबला लागतो.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून काढेपर्यंत शॉर्टकट तयार. तिन्ही मशीनवर.

आता यानं कारखान्याला दिला की कारखान्यानं याला, हे सांगता येणार नाही. नव्या पाहुण्याच्या तारखा दोन्हीकडे जवळजवळच्या. मामांचं मत ठाम की झेरॉक्सवाल्याचाच. दुकानदाराचं मत, तुमच्या एमआयडीसीवाल्यांचाच. भांडण लावून उपयोग नाही. पण हे दुकान असंच राहिलं तर कारखान्यातली सगळी मेहनत पुढच्या रंगीत प्रिंटपर्यंतच टिकणार.

१२ जानेवारी, सोमवार

सोलापूरचा हुतात्मा दिन. चार हुतात्मा पुतळ्याजवळ सकाळपासून गर्दी, त्यात गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) तयारी, गाडी लांब लावून चालत गेलो.

झेरॉक्सवाल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवूनच गेलो. कारखान्याच्या कामाचाच हा भाग. त्याला एक जुना संगणक लिनक्स घालून देतो म्हटलं, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तिथंच उघडायचा, तिथूनच प्रिंट. त्यानं लगेच एक अर्ज काढून दाखवला, जुन्या, बिगर युनिकोड मराठी फॉन्टमधला. लिनक्सवर उघडला तर अक्षरांचा नुसता चिवडा. "अर्धे वकील याच फॉन्टात आणतात सर. मी काय सांगू त्यांना?" मुद्दा बरोबर होता. अर्जाच्या दिवसांत रांग दारापर्यंत असते, माणूस बसस्टँडवरून पळत आलेला असतो.

मधला मार्ग: लिनक्सच्या मशीनवर आधी पेनड्राइव्ह लावायचा, हवी ती फाइल नेटवर्कवरून प्रिंटच्या मशीनला द्यायची. पेनड्राइव्ह विंडोजला लागतच नाही. यातून व्हायरस लागलेली वर्ड फाइल आलीच तर येईल, पण शॉर्टकटची वाट बंद. प्रिंटची तिन्ही मशीन कोरी करायला गड्डा झाल्यावर एक दिवस देतो म्हणाला. शिवाय सी-डॅकचं यूएसबी प्रतिरोध हे फुकट टूल दाखवून ठेवलं, परवानगी दिलेलेच पेनड्राइव्ह चालू देतं. ते भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतं. झेरॉक्सच्या धंद्याला ते चालणार नाही, रोज नवे पेनड्राइव्ह येतात. कारखान्याला मात्र अगदी फिट. हिशेबाच्या संगणकावर बसवायचं.

कारखान्यात: ड्रॉवरमधले सगळे पेनड्राइव्ह गोळा केले, लग्नाचे फोटो काढून दिले, बाकी कोरे करून अण्णांच्या कपाटात. मागासाठी दोनच ठेवले, त्यांच्या कडीला पिवळा धागा बांधलेला. ते डिझाइनच्या मशीनपासून मागापर्यंत जातील आणि परत येतील. बाहेरचं डिझाइन ईमेलनं. व्हॉट्सॲपनं मागवलं तरी चालेल का, असं पोरानं विचारलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चालेल. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि रंगांच्या कडा फाटतात. चार रंगांचं डिझाइन चाळीस रंगांचं होऊन येतं. हे त्याला लगेच पटलं, त्याचं स्वतःचं तसं एकदा झालेलं होतं.

उतरवलेलं डिझाइन आता हिशेबाच्या संगणकावरून डिझाइनच्या संगणकावर कसं न्यायचं, हा पेच राहिलाच, कारण मध्ये नेट नाही. तिसरा पेनड्राइव्ह, हिरवा धागा. तो या दोन मशीनच्या मधेच, चार फुटांच्या प्रवासाचा.

१३ आणि १४ जानेवारी

गड्डा. कारखाना बंद, दुकान बंद.

१६ जानेवारी, शुक्रवार

फेरतपासणी. पिवळे दोन्ही स्वच्छ. हिरवा स्वच्छ. हिशेबाच्या मशीनवर डिफेंडरची अपवाद यादी रिकामी, ऑफलाइन स्कॅनमध्ये काही नाही. डिझाइनच्या मशीनवर स्टार्टअपमध्ये नवीन काही नाही. मॅडमनी टास्क मॅनेजर आजही उघडून मिनिमाइज केलेला. म्हटलं, आता त्याची गरज नाही. म्हणाल्या, राहू दे, सवय झाली.

मागावर पिवळा पेनड्राइव्ह लावून बघितला. यादीत डिझाइनं ओळीनं आली, मामांनी बटण दाबून खाली-खाली जात एक निवडलं, माग सुरू झाला. आवाजात काही बोलता येत नाही, मामांनी हातानंच चहाची खूण केली.

एक सापडलं: सिक्युरिटीवाल्याच्या केबिनमधल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला एक पेनड्राइव्ह लावलेला, कुणीतरी फुटेज काढायला लावून विसरलेला. त्यावर तोच शॉर्टकट. रेकॉर्डरवर विंडोज नाही, त्याला काही झालेलं नाही, पण फुटेज बघायला तो कुणी ना कुणी ऑफिसातच आणला असता. काढून कपाटात. रेकॉर्डरचा पासवर्डही कंपनीनं दिलेलाच होता, तो बदलला. हे कामात ठरलेलं नव्हतं, बिलात धरलेलं नाही.

बाकी: झेरॉक्सची तीन मशीन पुढच्या आठवड्यात, लिनक्सचा संगणक आधी जोडून मग. यूएसबी प्रतिरोध बसवून मॅडमना पासवर्ड नाही, अण्णांना द्यायचा. डिझाइनच्या डिस्कच्या प्रतिमेची एक कॉपी अण्णांच्या घरी. नवीन डिझाइन सॉफ्टवेअरचं कोटेशन इचलकरंजीहून मागवलंय. बिल दिलं, अण्णांनी निम्मे रोख दिले, निम्मे पुढच्या पेमेंटला, आणि दोन टॉवेल.